गच्चीवरचा टोमॅटो

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुमचा प्रश्न अर्धवट राहिला. सोलापुरात उन्हाला काय तोटा, मग गच्चीवरचा टोमॅटो असा खुरटून का बसलाय? आईने "पाणी कमी पडतंय" म्हणून निकालच लावून टाकला. पण तुम्ही दोन्ही वेळा पाणी घालता, त्यामुळे मला ते पटत नाही. अकरावीच्या पोरांना हा धडा मी परीक्षेपुरता शिकवते. तुम्हाला नीट सांगते, कारण तुम्ही जन्मभर माग चालवलाय आणि हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा लवकर कळेल.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, पानात असतं, रुबिस्को. भारी संथ गडी. सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू उरकतो, म्हणून झाडाला तो ढिगाने बनवून ठेवावा लागतो. शिवाय चुकून ऑक्सिजनही पकडतो, आणि ऊन तापेल तशी ही चूक वाढत जाते. सकाळी उजेड आला की हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाच्या आतला सामू (आम्ल-अल्कलीचं माप, pH) सातावरून आठाकडे सरकतो, मॅग्नेशियम वाढतं आणि रुबिस्को कामाला तयार होतो. पण पुष्कळदा त्याच्या खाचेत साखरेचा एक रेणू आधीच अडकून बसलेला असतो. तो काढल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

तो काढायला दुसरं प्रथिन आहे, रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज. त्याचा शोध मोठा मजेदार लागला. १९८२ साली अमेरिकेत इलिनॉयच्या संशोधकांना मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपाचा असा वाण सापडला, जो साध्या हवेत जगेना. कार्बन डायऑक्साइड भरपूर दिला तरच तगायचा. त्याचा रुबिस्को बाहेर काढून तपासला तर ठणठणीत! मग बिघाड कुठे? १९८५ साली उलगडा झाला, की रुबिस्कोला मोकळं करणारं हे प्रथिनच त्या रोपात नव्हतं.

आता तुमचा कारखाना आठवा, बाबा. धागा तुटला की माग बंद, आणि तो जोडून माग पुन्हा चालू करायला माणूस लागायचा. मे महिन्यात पत्र्याखाली लोखंडाच्या मागाला काही होत नसे, धागा जोडणाराच चक्कर येऊन बाहेर बसायचा. पानात हेच घडतं. रुबिस्को पन्नास अंशांपर्यंतही टिकून राहतो, अ‍ॅक्टिव्हेज मात्र बऱ्याच पिकांत पस्तिशी ओलांडली की ढेपाळायला लागतं. आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो, गच्चीची फरशी त्याहून तापते. ऊन ओसंडून वाहतंय आणि झाडाचं काम ठप्प. (फुलं गळतात त्यामागे पराग भाजणं हेही आहे, ते पुन्हा कधीतरी.)

आई, तुला वाटेल, अंधार पडला की हे सगळं आपोआप बंद पडत असेल. झाड ते नशिबावर सोडत नाही. रात्री त्याला साठवलेली साखर मोडून खायची असते; त्याच वेळी साखर बनवणंही चालू राहिलं तर नुसती शक्ती वाया. म्हणून दिवसा उजेडाच्या जोरावर थायोरेडॉक्सिन नावाचं छोटं प्रथिन साखर बनवणाऱ्या काही एन्झाइममधले गंधकाचे बंध सोडतं आणि ती चालू होतात. अंधारात ते बंध पुन्हा जुळतात. साखर मोडणाऱ्या एका एन्झाइमचं बरोबर उलट, ते रात्री चालू. बटाटा आणि घेवडा तर रुबिस्कोला रात्रभर अडवून धरणारा रेणू स्वतःच तयार करतात, आणि सकाळी तो काढायचं कामही अ‍ॅक्टिव्हेजच्याच गळ्यात. मला हा हिशोबीपणा फार आवडतो, आईच्या घरखर्चाच्या वहीसारखाच काटेकोर.

मोहोळच्या रस्त्याला ऊस मात्र त्याच उन्हात हिरवागार दिसतो. ऊस, ज्वारी, मका यांनी वेगळी सोय केली आहे. आधी दुसरंच एन्झाइम कार्बन पकडतं आणि आतल्या पेशींत रुबिस्कोसमोर दाट करून ठेवतं, त्यामुळे ऑक्सिजनची चूक फारशी होत नाही. त्या एन्झाइमलाही उजेडात फॉस्फेट चिकटवलं जातं, म्हणजे पकडलेल्या कार्बनपासून बनून साचत जाणाऱ्या मॅलेट नावाच्या पदार्थाने ते थांबत नाही. मंगळवेढ्याचा शाळू तर थंडीतच निघतो, त्याला मे बघावाच लागत नाही. आणि तुझी कोरफड, आई, सगळं उलटं करते: तिच्यात हेच एन्झाइम रात्री जागं असतं, पानावरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, रात्री उघडतात आणि दिवसा बंद राहून पाणी वाचतं. म्हणूनच आठवडाभर विसरलीस तरी ती तक्रार करत नाही.

तर बाबा, पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट आणा. पंचाहत्तरवाली दुकानदार गळ्यात मारेल, ती नको, रोपं लांबट होतील. बांधायला तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. कुंड्या तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा आणि अकरा ते चार गच्चीवर जाऊच नका. एवढं करूनही टोमॅटो रुसला तर उपटून टाका. पाऊस पडला की नवी रोपं लावू, तोवर मीही सुट्टी घेऊन येते.

तुमची,
लेक