मशिनिस्ट शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाविषयी कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी टूलरूम (साचे आणि हत्यारे बनवणारा विभाग) पर्यवेक्षक म्हणून काम करतो. आयटीआयमधून मशिनिस्ट आणि टर्नर या व्यवसायांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले-मुली शिकाऊ उमेदवारीसाठी कारखान्यांत येतात, तेव्हा त्या काळात त्यांना प्रत्यक्षात काय शिकवले जाते, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या परिसरातल्या अनेक कारखान्यांत अशा उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात एका सीएनसी किंवा व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांनुसार धातू कापणाऱ्या) मशीनसमोर उभे केले जाते आणि वर्ष संपेपर्यंत तो तिथेच असतो. जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा भाग, लावायचा, सायकल स्टार्टचे बटण दाबायचे, जॉब काढायचा, बर (कडेला उरलेली धातूची कुसळे) घासायची आणि गेज (माप तपासायचे साधन) आत जातो की नाही एवढे पाहून ट्रेमध्ये ठेवायचा. ऑफसेट (मशीनला दिलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलणे, इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) निवडणे, फिक्स्चर (जॉब पकडणारा साचा) बसवणे ही सारी कामे सेटरची, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराची. उमेदवाराने त्यांना हात लावलेला चालत नाही, कारण उत्पादनाचे आकडे त्याच्या शिकण्यासाठी थांबू शकत नाहीत. पुढे त्याच्या हातात राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र पडते, पण समोर नवे ड्रॉइंग ठेवले तर सुरुवात कुठून करावी हे त्याला उमगत नाही.

मशीनिंगचे ज्ञान कशात असते, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या एच७ (अचूकतेचा एक प्रमाणित दर्जा) बोअरला, म्हणजे भोकाला, वरच्या बाजूने केवळ २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट असते. बोअरिंगचा इन्सर्ट झिजू लागला की बोअर हळूहळू लहान होतो आणि ऑफसेटमध्ये किती भर घालायची, हे बोअर गेजच्या वाचनावरून ठरवावे लागते. त्यातच जॉब गरम असेल तर ते वाचनही फसवे ठरते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर सुमारे १२ मायक्रॉनने वाढतो. जॉब थंड होऊ द्यायचा, मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) गेज लावून घ्यायचा, पाच-सहा जॉबची मापे लिहून झीज कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहायचे आणि मगच ऑफसेटला हात लावायचा, ही शिस्त जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून, एखादा जॉब स्क्रॅप करून आणि तो का गेला हे समजून घेऊनच अंगात मुरते. केवळ बटण दाबणाऱ्या उमेदवाराला यातले काहीच मिळत नाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, आणि म्हणूनच कामगार कायद्यांचे बरेचसे संरक्षण त्याला लागू होत नाही. तो शिकतो आहे, या एकाच कारणावर ही सवलत उभी आहे. ते कारणच उरले नाही, तर कायद्याच्या आडून स्वस्तात उत्पादन करून घेणे एवढेच शिल्लक राहते, आणि हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरले होते. एवढ्या पैशांत पिंपरी-चिंचवडमध्ये कॉट बेसिसची खोली आणि खानावळ भागवताना गावाकडून आलेल्या मुलाची जी ओढाताण होते, ती मी जवळून पाहतो. तरीही तो टिकून राहतो, कारण त्याला हात तयार करायचा असतो.

माझी मुख्य विनंती तपासणीच्या पद्धतीविषयी आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेने त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत हे बंधन आहे, आणि हा आकडा पूर्ण झाला की नाही ते शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर दिसते. प्रशिक्षण झाले की नाही, हे मात्र तिथे दिसत नाही. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी कारखान्यात आल्यावर नोंदवही चाळण्यापुरते न थांबता, उमेदवाराला एक ड्रॉइंग देऊन जॉब सेट करायला आणि मापायला सांगावे. कोणत्या मशीनवर त्याने किती आठवडे काढले, सेटिंग स्वतः केव्हा केले आणि कोणाच्या देखरेखीखाली केले, याची नोंद उमेदवाराच्या स्वतःच्या सहीने व्हावी. ज्या आस्थापनेत उमेदवाराला असे वेगवेगळ्या मशीनवर फिरवले जात नाही, तिला विद्यावेतनातील शासनाचा वाटा मिळू नये.

छोट्या वर्कशॉपांचा प्रश्न वेगळा आहे. एकाकडे लेथ आणि मिलिंग, दुसऱ्याकडे ग्राइंडिंग, तिसऱ्याकडे वायरकट (विद्युतभारित तारेने धातू कापणारे मशीन) अशी आमच्याकडची परिस्थिती असल्याने एकट्याने पूर्ण प्रशिक्षण देणे त्यांना शक्य नसते. अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद कायद्यात आहे. तिचा वापर भोसरी, शिरोली आणि सातपूरसारख्या वसाहतींत व्हावा, यासाठी आपल्या विभागाने पुढाकार घ्यावा.

अशी प्रात्यक्षिक तपासणी सुरू झाल्यास परीक्षक म्हणून विनामोबदला बसण्यास मी तयार आहे. आमच्या वसाहतीला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी एखादे टूलरूम उपलब्ध व्हावे म्हणून इथल्या मालकांशी बोलण्याची जबाबदारीही मी घेतो.

आपला नम्र,
एक टूलरूम पर्यवेक्षक, भोसरी