भांडेवाडीचा धूर आणि हिवाळ्याची हवा

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की पूर्व नागपुरात सकाळी खिडकी उघडावीशी वाटत नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि त्यामुळे वाहनांचा धूर, रस्त्यांच्या व इमारतींच्या बांधकामाची धूळ आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोत कचऱ्याला लागणाऱ्या आगींचा धूर वस्त्यांवरच साचून राहतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आहेच. यातील २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात. दमा असलेली मुले आणि हृदयरोगी ज्येष्ठ यांना त्याची झळ आधी बसते. या कणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. इतक्या सैल मापावर समाधान मानणे मला तरी पटत नाही.

ओला कचरा ढिगात सडून मिथेन तयार होतो आणि आग धुमसत राहते, म्हणून घरोघरी वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्र होणार नाही, याची जबाबदारी महापालिकेने निश्चित करावी. उघड्यावर पालापाचोळा जाळणाऱ्यांवरही थंडी संपण्याची वाट न पाहता दंडात्मक कारवाई व्हावी, ही विनंती.

– एक वाचक, नंदनवन, नागपूर