दादाच्या नव्या गाडीबद्दल, आखेनहून

आखेन, जर्मनी

प्रिय दादा आणि वहिनी,

गोव्यातल्या मोपा विमानतळावरच्या टॅक्सीसाठी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलंय, हे वहिनीकडून कळलं. बॅटरी पेटण्याची भीती कितपत खरी, आणि गाडी ‘आपोआप चालते’ असं शोरूमवाला म्हणतो त्यात तथ्य किती, हे तुझे दोन प्रश्न. फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. पेडण्याहून बांद्याला जाशील तेव्हा आई-बाबांनाही वाचून दाखव. कर्जाच्या कागदांवर बाबांची सही आहे, त्यांनाही हे कळायला हवं.

आधी बॅटरी. ती पेटते तेव्हा सेलच्या आत एकातून दुसरं असं घडत जातं. आत कुठे शॉर्ट झाला की सेल तापतो. साधारण १३० अंशांना दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा वितळतो, शॉर्ट आणखी वाढतो. निकेलवाल्या सेलमध्ये त्याहून जास्त तापल्यावर धनध्रुवातूनच ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे ही आग बाहेरची हवा तोडून विझत नाही. लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये, ज्याला एलएफपी म्हणतात, ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही. हा पदार्थ बॅटरीत चालतो हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी जगापुढे मांडलं. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव पाधींचं आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

म्हणून तू एलएफपीचीच गाडी घे. तेवढ्याच वजनात ती थोडी कमी अंतर जाते, पण चार्जिंगची आवर्तनं जास्त सोसते, आणि टॅक्सीला तेच लागतं. मोपाहून पाळोळेपर्यंत शंभरेक किलोमीटर, तेवढं तिला जड नाही.

उन्हाबद्दल मात्र नीट ऐक. बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते ती पूर्ण भरलेली असताना तापत उभी राहिल्यावर. मोपाच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये गाडी भरून ठेवून भाड्याची वाट बघत बसलास, की तेच होणार. रात्री चार्जिंगला लाव, सकाळी निघायच्या सुमारास ते संपेल असं वेळापत्रक लाव. एलएफपीचा व्होल्टेज चार्जिंगच्या मधल्या पट्ट्यात जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे किती शिल्लक आहे हे गाडीला नीट कळावं म्हणून अधूनमधून १०० टक्के भरावीच लागते. कंपनी सांगेल तितक्या वेळा भर, आणि भरलीस की लगेच बाहेर काढ.

घरच्या चार्जरला वेगळी वायर, वेगळा ब्रेकर आणि खरी अर्थिंग हवी. जुन्या पंपाच्या बोर्डातून लाइन ओढायची नाही, वायरमन काहीही म्हणो. पावसाची भीती नको, बॅटरीची पेटी सीलबंद असते. पण ओहोळाच्या पाण्यात गाडी अडकली, तर तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस.

२०२२ मध्ये आपल्याकडे स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने चाचण्या कडक केल्या. त्याआधी, २०१८ मध्ये, जागतिक नियमात एक गोष्ट आली: एक सेल बिघडून आग पसरायची असेल, तर प्रवाशांना धोका व्हायच्या किमान ५ मिनिटं आधी गाडीने इशारा द्यायला हवा. असा इशारा आला तर गाडी बाजूला घे, माणसं उतरव, लांब जा. डिकीतल्या बॅगा राहू देत. पर्यटक ऐकणार नाहीत, तू ओरड.

आता गाडी ‘आपोआप चालण्याचा’ प्रश्न, म्हणजे माझं काम. आई परवा फोनवर म्हणाली, “गाडी आपणच चालता, मगे ड्रायव्हर कित्याक व्हयो?” आई, ती आपणच चालत नाही. ० ते ५ अशा पायऱ्या आहेत, आणि दादा बघतोय ती गाडी दुसऱ्या पायरीवरची. स्टिअरिंग आणि ब्रेकला ती हात लावते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरचीच.

इथे जर्मनीत तिसऱ्या पायरीची पहिली परवानगी डिसेंबर २०२१ मध्ये मर्सिडीजला मिळाली. तीही महामार्गावर, ताशी ६० किलोमीटरपर्यंतच. त्या गाडीच्या चाकाच्या कमानीत रस्ता ओला आहे का हे ओळखणारा सेन्सर आहे. ओला असेल तर ती स्वतः चालवायला नकार देते, ड्रायव्हरलाच चालवावी लागते. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याला कुठे जमत नाही हे यंत्राला कळणं, ही सुरक्षिततेची खरी कसोटी, आणि त्याच कसोटीच्या चाचण्यांवर मी काम करते.

स्वतः चालणारी गाडी सुरक्षित आहे, हे ती नुसती पळवून सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१६ मध्ये हिशोब मांडला: माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे दाखवायला एकही जीवघेणा अपघात न होता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालवावी लागेल. १०० गाड्या दिवसरात्र पळवल्या तरी साडेबारा वर्षं. म्हणून आम्ही रस्त्यावर घडणारे प्रसंग गोळा करून त्यांवर गाडी तपासतो. इथल्याच विद्यापीठाने ड्रोनमधून महामार्गावरच्या १,१०,५०० वाहनांच्या हालचाली नोंदवून २०१८ मध्ये खुल्या केल्या. पण त्या महामार्गावर उलट्या दिशेने येणारी स्कूटर नाही. पावसाळ्यात रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरंही नाहीत.

आणि दादा, त्या गुरांचीच मला काळजी आहे. वेग राखणारी यंत्रणा, म्हणजे क्रूझ, पुढे चालणाऱ्या गाडीला धरून चालते. रस्त्यात स्थिर असलेली वस्तू ती जास्त वेगात ओळखेलच असं नाही, गाडीच्या पुस्तकातही हा इशारा असतो. पत्रादेवी ते म्हापसा रात्री येताना क्रूझ लावू नकोस. जोरदार पावसात गाडी लेनमध्ये धरून ठेवणारं साहाय्यही बंद ठेव, पाण्याच्या थरावर दिवे चमकले की कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र कधीही बंद करू नकोस. कुणी आडवं आलं तर तो जीव वाचवू शकतो. मागची गाडी अंगावर येते म्हणून काही ड्रायव्हर तो बंद करतात, तू करू नकोस.

वायरमन येईल त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल लाव, अर्थिंगचा खड्डा मला बघायचाय. गाडीचं पुस्तक मिळालं की ड्रायव्हरच्या साहाय्याच्या पानांचे फोटो पाठव, मर्यादा लिहिल्यात तिथे खुणा करून परत पाठवते. बाबा, हप्त्याचा आकडा दादाकडून घेऊन कळवा, माझा वाटा पहिल्या महिन्यापासून येईल.

तुमची,
शमा