‘पित्ताची गोळी’ नेमके काय करते?

संपादक महोदय,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतील अलीकडच्या एका लेखात आम्ल कमी करणाऱ्या सर्व औषधांना एकाच पंक्तीत बसवले आहे आणि जेवणानंतर जळजळ सुरू झाली की त्यांपैकी कोणतेही घ्यावे, असे सुचवले आहे. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे आणि या गोळ्या स्वतः घेतल्याही आहेत. त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. पित्त यकृतात तयार होते आणि लहान आतड्यात उतरते. छातीत जळजळ होते ती बहुधा जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल वर चढल्यामुळे, आणि या आम्लाचा सामू (आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) १ ते २ च्या आसपास असतो. आपण जिला पित्ताची गोळी म्हणतो ती पित्ताला हातही लावत नाही.

अँटासिड हे जठरात आधीच असलेले आम्ल निष्प्रभ करते. आराम लगेच पडतो आणि लवकरच ओसरतो. फॅमोटिडीनसारखी औषधे आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचणारा हिस्टामिन या रासायनिक दूताचा निरोप अडवतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे मात्र त्या पेशींतला, आम्ल बाहेर टाकणारा प्रोटॉन पंपच बंद पाडतात. रक्तातले त्यांचे प्रमाण काही तासांतच ओसरते, तरी परिणाम दिवसभर टिकतो, कारण बंद पडलेल्या पंपांच्या जागी पेशीला नवे पंप घडवावे लागतात. ही औषधे चालू असलेल्या पंपालाच पकडतात आणि पंप जोमाने चालू होतात ते अन्न आल्यावर; म्हणून ती सकाळच्या खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी त्या घटकेला फारशी उपयोगी पडत नाही. पूर्ण परिणाम दिसायलाही तीन-चार दिवस लागतात.

गंमत म्हणजे ओमेप्राझोलसारखे हे आम्लावरचे औषध स्वतःच आम्लात नासते. माझ्या वडिलांना गिळताना त्रास होत असे, तेव्हा मी कॅप्सूल उघडून आतले मोहरीएवढे पांढरे दाणे चमच्याच्या पाठीने चिरडून, पाण्यात कालवून त्यांना देत असे. त्या दाण्यांवरचे आवरण औषधाला जठरातून सुखरूप आतड्यात पोहोचवण्यासाठीच असते आणि मी रोज तेच फोडत होतो, हे मला फार उशिरा कळले.

लेखात पाचकरसांचा उल्लेखच नाही. जठरात प्रथिने तोडणारे पेप्सिन आम्लामुळेच कार्यक्षम होते. सामू ४ च्या वर गेला की त्याची धार बोथटते. त्यामुळे प्रथिनांचे पचन थांबत नाही, कारण स्वादुपिंडातील विकरे (एन्झाइम) ते काम पुढे सांभाळतात. पण स्वादुपिंडाच्या स्रावालाही आम्लाची हाक लागते. जठरातले आम्ल लहान आतड्यात उतरले की तिथून सिक्रीटिन हे संप्रेरक सुटते आणि स्वादुपिंड आम्लाचा जोर मोडणारा बायकार्बोनेटयुक्त रस सोडते; हे बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दाखवले. आम्लच कमी उतरले तर ही हाकही क्षीण होते. अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व प्रथिनांपासून सुटे व्हायला आणि वनस्पतिजन्य लोह शोषले जायला आम्ल उपयोगी पडते, म्हणून वर्षानुवर्षे गोळी चालू असलेल्यांनी या दोहोंच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. अन्नाबरोबर येणाऱ्या कित्येक जंतूंना आम्ल जठरातच मारते, हेही विसरू नये.

सर्वांत मोठी उणीव गोळी बंद करण्याविषयीची आहे. आम्ल घटले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते, म्हणजे आम्ल तयार करण्याचा हुकूम अधिक जोराने सोडते. गोळी एकदम थांबली की तो साठलेला जोर उसळतो. डेन्मार्कमधील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आम्लाचा काहीही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्ती घेतल्या होत्या. त्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे प्रोटॉन पंप बंद पाडणारे असे औषध दिले आणि बंद केले; पुढच्या चार आठवड्यांत त्यांतील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, तर नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. मी स्वतः गोळी थांबवली तेव्हा तिसऱ्या रात्री उशा रचून बसून राहिलो होतो आणि आजार उलटला असे समजून सकाळी पुन्हा गोळी सुरू केली. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवली, तेव्हा ती सुटली.

जठरव्रणातून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला जखमा असलेले किंवा दीर्घकाळ वेदनाशामके घ्यावी लागणारे अनेक रुग्ण या औषधांमुळे मोठ्या संकटातून वाचतात. त्यांनी हे पत्र वाचून गोळी बंद करू नये. आपण मात्र गोळी घेण्याच्या वेळेबाबतची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक