आईला ऐकवायच्या कादंबऱ्या

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही दोन अटी घातल्या होत्या. पुस्तक मोठ्यानं वाचता आलं पाहिजे, आणि आईनं मधातच ‘मले काम आहे’ म्हणून उठून जाऊ नये. मोतीबिंदू काढल्यापासून तिला अजून काही दिवस वाचायची मनाई आहे. म्हणजे संध्याकाळी छपरीत तुम्ही वाचणार आणि ती ऐकणार. त्यामुळं यंदा मी जे काही वाचलं ते मनातल्या मनात तुमच्या आवाजात वाचत गेले. या परीक्षेत चांगली चांगली पुस्तकं नापास झाली, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात ‘धग’पासून करा. उद्धव शेळक्यांची, 1960 सालची. तुम्ही म्हणाल, जुनं काहून पाठवते, नवं पाठव. पण आईसाठी ती नवीनच आहे, आणि तुम्हीही ती फार पूर्वी वाचली असणार. यातली माणसं तोंड उघडतात ती थेट आपल्याकडचं वऱ्हाडी बोलत. जन्मभर तुम्ही वर्गात पोरांचं वऱ्हाडी सुधारत आलात, ‘जाऊन राहिलो नाही, जात आहे म्हण’ असं आम्हालाही घरात बजावत होता. आता रोज संध्याकाळी तेच वऱ्हाडी ठासून वाचावं लागेल. मला ते ऐकायला तिथं असायला हवं होतं!

गोष्ट कौतिकची. नवरा महादेव शिंपी आहे, मनानं वाईट नाही, पण कशालाच टिकून राहत नाही. संसार ओढते ती कौतिक. दारिद्र्यावरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली, त्यात बऱ्याच वेळा लेखकालाच बाईची इतकी दया येते की ती बाई दिसेनाशी होते. इथं तसं होत नाही. कौतिक भांडते, हिशोब करते, कोणाकडून काय निघेल याचा अंदाज घेते. आईला ती पहिल्या दिवशीच ओळखीची वाटेल, आणि महादेववर ती इतकी चिडेल की तुम्हाला वाचता वाचता थांबून त्याची बाजू मांडावी लागेल. मांडा, माझं काही म्हणणं नाही. मला स्वतःला तो माणूस खरा वाटला, राग येऊनही. फक्त शेवटचा भाग रात्री झोपायच्या आधी घेऊ नका. काय होतं ते लिहीत नाही.

‘धग’ झाल्यावर ‘पाचोळा’. रा. रं. बोराड्यांची, मराठवाड्यातली, लहानशी आहे. योगायोग असा की इथलाही नवरा शिंपीच, गंगाराम त्याचं नाव, आणि सांगते त्याची बायको, पारबती. सगळी कादंबरी तीच बोलते. म्हणून मोठ्यानं वाचायला ती सोन्यासारखी आहे. बाईनं बाईजवळ मन मोकळं करावं तसं पान पुढं सरकतं. अडचण एकच, ते बोलणं तुमच्या पुरुषी मास्तरी आवाजात निघणार. म्हणून माझा सल्ला, ही कादंबरी शेजारच्या काकूंच्या सुनेला वाचायला लावा. तिचं माहेर लातूरकडचं, तिच्या तोंडात ती भाषा बसलेली आहे. तुम्ही त्या दिवसांत आराम करा आणि ऐका.

आता ‘गोतावळा’. आनंद यादवांची, 1971 ची. ही पाठवू की नको यावर मी बराच विचार केला. नारबा नावाचा शेतगडी आहे, त्याला घर ना दार, मालकाच्या मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो. पुढं काय होणार ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आपली जोडी विकली तेव्हा तुम्ही दोन दिवस वावराकडं फिरकला नव्हता, आणि पोळ्याला आईनं मातीचे बैल पुजले ते फोटो मला दादानं पाठवले होते. तरीही पाठवते आहे, कारण जनावरांविषयी इतकं बारीक, इतकं न रडता लिहिलेलं मी दुसरं वाचलं नाही. भाषा मात्र कोल्हापूरकडची, आणि नारबा स्वतःच सांगत असल्यामुळं पहिल्या पानापासून तीच. वऱ्हाडी जिभेला आधी अडखळायला होईल. बाबा, ही तुम्ही एकट्यानं वाचा. आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

‘रिंगाण’विषयी माझं मत अजून पक्कं व्हायचं आहे. कृष्णात खोतांची, 2018 ची, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. धरणामुळं उठलेलं गाव आणि मागं राहिलेली म्हैस, जी माणसावाचून रानटी झाली आहे. तिला आणायला देवाप्पा परत जातो. कल्पना इतकी जबरदस्त की मी एका बैठकीत निम्मी वाचली, आणि नंतर मात्र अडकत गेले. वाक्यं वळसे घेत जातात, एक माणूस बोलता बोलता दुसऱ्याच्या मनात शिरतो. ऐकणाऱ्याचा धागा सुटेल. पण तुमच्या मावसभावाला ती नक्की द्या. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा त्यांचं गाव उठलं, ते अजूनही लग्नाच्या पंगतीत बसून जुन्या गावातल्या विहिरी एकेक करून मोजतात. त्यांना काय वाटतं ते मला कळवा. माझ्यापेक्षा त्यांच्या मताला वजन जास्त.

राहिली ‘बारोमास’. सदानंद देशमुख आपल्या बाजूचेच, बुलडाण्याचे. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार. हिच्याविषयी तुम्ही ठरलेलं वाक्य म्हणाल, ‘आपलंच रडगाणं पैसे देऊन कायले वाचाचं?’ म्हणून ती पार्सलात सगळ्यात खाली ठेवली आहे. कापसाचा चुकारा हातात येईपर्यंत उघडू नका. भाव पडलेला असताना वाचायचं ते पुस्तक नाही.

पण वाचा. एकनाथ शिकलेला आहे, नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीतच राहिलेला. त्याची बायको अलका, तिला हे घर, ही शेती झेपत नाही. तुम्ही एकनाथची बाजू घेणार हे मला आत्ताच दिसतंय. मी अलकाची घेते. मी शेतीवाला नवरा नको म्हणाले होते तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता, आठवतं? ‘जिनं वावरावर खाल्लं, तिलेच वावर नको.’ आईनं तेव्हा एकच विचारलं होतं, तुम्ही सुनेला सकाळी पाचला उठवणार, तुमच्या लेकीला तसं कोणी उठवलं तर चालेल का. त्यावर तुमच्याकडं उत्तर नव्हतं. आज गावातल्या निम्म्या घरांत तिशी ओलांडलेली पोरं बिनलग्नाची आहेत, आणि बैठकीत सगळे मुलींनाच नावं ठेवतात. अलकावर राग धरणं सोपं आहे. देशमुखांनी तो राग धरायला जागा दिली आहे, पण तिचं दुखणंही लपवलेलं नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. दोष काढायचाच तर काही ठिकाणी पात्रं बोलायला लागली की लेखकच भाषण करतोय असं वाटतं. ती पानं तुम्ही चाळून पुढं जाल, तुम्हाला भाषणांची सवय आहे.

आई, तू ऐकलीस की मला फोन करून अलकाविषयी सांग. बाबा जवळ नसताना.

‘पानिपत’, ‘स्वामी’ वगैरे यावेळी पाठवत नाही. बाबांना ती पाठ आहेत आणि लढाई आली की त्यांचा आवाज इतका चढतो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. ‘बनगरवाडी’ घरात आहेच, माडीवरच्या पेटीत, तुमच्या धारणीच्या शाळेच्या कागदांखाली. पहिल्या नेमणुकीच्या गावात आलेला तरुण मास्तर आणि त्याची तालीम, हे आईला तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल. तुमची मेळघाटातली गोष्ट मधेच घुसवू नका म्हणजे झालं.

पुस्तकं दादाच्या मित्राजवळ देते आहे, तो शुक्रवारच्या गाडीनं निघतोय. आई, थेंब वेळेवर घाल आणि कापसाच्या वेच्याला जायची घाई करू नको, धूळ डोळ्यात गेलेली परवडणार नाही. ‘गोतावळा’ माझ्या मैत्रिणीची आहे, ती संक्रांतीला येईन तेव्हा परत न्यायची आहे. पानांचे कोपरे दुमडू नका, बाबा.

तुमची,
सुनी