हळद्याची सतरंजी

गावभाग, सांगली

प्रिय सुमे,

साताऱ्याला भेटलो तेव्हा तू विचारलंस, "कुत्रं शाळेत करतं तरी काय गं?" उत्तर अर्धवट राहिलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आमचा हळद्या लॅब्रॅडॉर आहे. नाव मुलांनी ठेवलं; सांगलीच्या पोरांना पिवळ्या रंगाला दुसरं काय सुचणार! दोन वर्षं शिकून आलाय. रोज माझ्याबरोबर आमच्या विशेष मुलांच्या शाळेत येतो, माझ्याबरोबरच घरी जातो. अधूनमधून भेटून जाणारा पाहुणा नाही तो, वेळापत्रकात त्याचे तास लावलेत. सेरेब्रल पाल्सीमुळे हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसलेला एक जण ज्या हाताने पेन्सिल धरत नाही, त्याच हाताने हळद्याचे केस विंचरतो. अडखळत बोलणारी एक मुलगी त्याला धडा वाचून दाखवते, कारण तो मध्येच शब्द सुचवत नाही.

पालकसभेत रेबीजची भीती निघाली. रास्तच होती. दरवर्षीच्या लसीच्या नोंदी मी सगळ्यांसमोर ठेवल्या. ज्या मुलीला तो नकोच वाटतो, तिच्या तासाला तो बाहेर.

मला धास्ती वेगळीच. तासगावकडच्या मुलांच्या डब्यात बेदाणे असतातच, आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दिवाळीनंतर एकाने मायेने मूठभर भरवले. मी तशीच रिक्षा करून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उलटी करवली, सलाईन लावलं. वाचला गं. दोन रात्री माझा डोळ्याला डोळा नव्हता.

पण मुख्य सांगायचंय ते सतरंजीचं. खिडकीखाली त्याची सतरंजी असते. तो तिच्यावर बसला की कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा. नकोसं झालं की कुत्रं सांगतं: झोप नसताना जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं. आमचा एक नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, बोलत नाही, आणि हळद्याला मारलेली मिठी सोडत नाही. त्याला कळावं म्हणून मी कार्ड केलं. आडव्या तळहाताचं चित्र, खाली 'आत्ता नको'. हळद्याने मान फिरवली की कार्ड दाखवायचं आणि आम्ही दोघांनी मागे सरकायचं. तीन आठवडे रोज हेच.

गेल्या मंगळवारी शाळा बघायला पाहुणे आले. एका बाईंनी कौतुकाने या मुलाचा गालगुच्चा घेतला. असं झालं की तो स्वतःचं मनगट चावतो, तिथे घट्टा पडलाय. हात तोंडाशी गेला आणि थांबला. मग तो सतरंजीपाशी गेला, भिंतीवरच्या वेल्क्रोचं कार्ड चर्रकन ओढलं आणि बाईंच्या पुढ्यात धरलं. बाई चटकन मागे झाल्या. तो जाऊन हळद्याशेजारी बसला, सतरंजीच्या कडेबाहेर.

सुमे, डी.एड.पासून आपण किती चित्रकार्डं केली! पाणी, भूक, शी, शू, खेळ. मोठ्यांना सोयीची सगळी. 'नको'चं कार्ड मी एकाही मुलासाठी केलं नव्हतं. केलं तेही कुत्र्यासाठी. याचं मला फार वाईट वाटतंय, अजून वाटतंय.

काल त्याच्या आईने घरासाठी तसंच कार्ड मागितलं. दोन केलीत, एक आजीकडे ठेवायला.

आता ऊन उतरलंय, घाटाच्या फरशा निवल्या असतील, हळद्याचे पंजे भाजायचे नाहीत. कृष्णेवर फिरवून आणते त्याला. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मंदा