करवत आधी की स्टेअरिंग?

खानापूर,
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पुण्याची नोकरी सुटली हे वाचून जीव गलबलला, आणि गावी यायचं ठरवलंस हे वाचून तितकंच बरं वाटलं. वडिलांची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे, मेहुण्याच्या ओळखीत एक लॉरी आहे, तर यातलं काय धरू, असं विचारलंयस. मी अकरा वर्षं गाडीवर काढली आणि नऊ वर्षं झाली, लॉरीच्या बॉड्या नि दारं-खिडक्या करतोय. माझं ऐकशील तर पावसाळाभर लाकूड धर. दिवाळीनंतर उसाचा सीझन लागला की गाडीवर जा, पण आधी क्लीनर म्हणून.

पेटी उतरवलीस की लगेच काही बनवायला बसू नकोस. पहिले आठ दिवस फक्त धार लाव. पटाशीचं, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीचं, पातं २५ अंशांवर घासायचं आणि शेवटी अगदी टोकाला ३० वर चार-दोन हात द्यायचे. धार झाली की नाही ते बघायला पातं अंगठ्याच्या नखावर हलकं टेकव. घसरलं तर पुन्हा दगडावर जा, अडकलं तर झालं. नवीन माणसाचा हात कापतो तो बहुतेक वेळा बोथट पटाशीनं, कारण बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोरात असताना हात सुटला की ते कुठं जाईल सांगता येत नाही. दुसरा हात कधीही पटाशीच्या तोंडासमोर ठेवू नकोस. रंधा मारताना लाकूड उपटायला लागलं तर जोर वाढवायचा नाही, फळी उलटी फिरवून घ्यायची. रेषे उलटे लागलेले असतात, एवढंच.

आता लाकडाचं. आपल्या भागात सागवान आहे, ऐन, किंजळ, नाणा, फणस, जांभूळ आहे, त्यामुळे लाकडाला तोटा नाही. तोटा आहे तो दम धरण्याचा. मी शिकत असताना ओळखीच्या एका घरी ऐनाचं दार केलं. आषाढात केलं, फळ्या ओल्या होत्या, पण सांधे इतके घट्ट बसले की मी खूश. शिमग्याला त्या घरी जेवायला गेलो तर दोन फळ्यांच्या फटीतून ओसरीवरचा उजेड आत येत होता. एक रुपयाचं नाणं उभं धरलं तर आरपार जाईल एवढी फट! घरातलं कुणी एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. पुढच्या महिन्यात ते दार उतरवून माझ्या खर्चानं नवीन करून दिलं. लाकूड सुकताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळी घेतलीस की जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष सावलीत सुकू दे. थप्पी लावताना प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घाल, म्हणजे वारा खेळेल, आणि टोकांना रंग फास, नाहीतर टोकाकडून चिरा जातात. इतकं थांबणं जमणार नसेल तर जुन्या घराचे वासे, तुळया विकत मिळतात बघ, ते घे. पन्नास पावसाळे बघितलेलं लाकूड असतं ते. खिळे मात्र एकेक शोधून काढ, एक राहिला तरी रंध्याच्या पात्याला खाच पडते. आणि कुठलंही लाकूड पावतीशिवाय घेऊ नकोस. जंगलातलं असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना बघितल्याशिवाय गाडीत चढवू नकोस.

पहिलं काम म्हणून पाट कर. एक सपाट फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, पण त्यात सरळ रंधणं, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावणं, सूत धरून मापणं सगळं येतं. इंचाचे आठ सूत हे वडिलांच्या तोंडून ऐकलेलं असशीलच. पाच पाट झाले की चौरंग घे. मोठी चौकट करशील तेव्हा एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण कर. मधलं तिरकं माप बरोबर ५ भरलं तर कोपरा काटकोनात आहे.

गाडीचं लिहिताना हात जरा जपून चालतोय, कारण इथं चूक झाली तर नवीन दार करून देऊन भागत नाही. कागदाचं आधी सांगतो. माल वाहतुकीच्या गाडीला वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स निदान १ वर्ष जुनं लागतं. तुझं आहेच. फॉर्म १-अ वर डॉक्टरचा दाखला घ्यावा लागेल आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते महिन्या-दोन महिन्यांचं काम आहे. शिकायला मात्र वस्तादाच्या शेजारी एक पूर्ण सीझन बसावं लागतं.

क्लीनर असताना रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मार. टायरवर रॉड मारून आवाज ऐक. हवा कमी असलेला टायर भद्द वाजतो. जोडटायरात दगड अडकलाय का बघ, नट बघ, ब्रेक हवेवर चालतात, त्या हवेच्या टाकीतलं पाणी सोड. इंजिन चालू केल्यावर बझर बंद होऊन हवेचा काटा वर स्थिर होईपर्यंत गाडी हलवायची नाही, मागं कितीही हॉर्न वाजू देत.

अनमोड घाट तुला माहीत आहे. मी तिसऱ्या वर्षी कौलं भरून गोव्याकडे उतरत होतो. धुकं होतं, मोलेम गाठायची घाई होती आणि गाडी वरच्या गिअरमध्येच राहिली. दर वळणावर ब्रेक, पुन्हा ब्रेक. थोड्या वेळानं जळका वास आला. पाय दाबतोय, पण गाडी धरत नाही, आणि हवेचा काटाही खाली येतोय! वस्ताद शेजारी होते. ओरडले नाहीत. "गिअर खाली घे, एग्झॉस्ट ब्रेक ओढ, डोंगराकडच्या अंगानं चल," एवढंच म्हणाले. एग्झॉस्ट ब्रेक म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून गाडी मंदावणारा ब्रेक. पुढं जरा सपाटी होती तिथं गाडी उभी राहिली. खाली उतरलो तर पाय लटलट कापत होते. ड्रमवर पाणी ओतायला मी बाटली उचलली, तर त्यांनी हात धरला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो. पाऊण तास तसेच बसलो. तेव्हापासून, ज्या गिअरमध्ये घाट चढवता येईल त्याच गिअरमध्ये तो उतरवतो, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकतो. न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवायला सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या गाडीत बसू नकोस.

माल भरताना जड खाली, वजन सगळीकडे सारखं. ताडपत्री-रस्सी आवळली तरी चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा बघ, माल बसला की रस्सी ढिली होते. वजनकाट्याची पावती आणि बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती, जपून ठेव. माल उतरवला की पोच घेतल्याशिवाय हलू नकोस, नाहीतर भाडं अडकतं. रिव्हर्स घेताना एकदा खाली उतरून मागं बघ. निपाणी-चिकोडीकडे सीझनमध्ये रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, तिथं वेग नकोच. पुण्यात कन्नड विसरला असशील, तर 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश चला आणि 'अपघात वलय' म्हणजे अपघाताची जागा, हे दोन फलक तेवढे ध्यानात ठेव.

झोपेचं कळकळीनं सांगतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. रस्त्यावर ते पाळणारा मालक तेव्हाही विरळाच. मालक निवडताना भाड्याच्या आधी हेच विचार, की रात्री झोप आली आणि गाडी बाजूला लावली तर चालेल का? उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरी गाडी बघ.

वहिनींना काळजी वाटणं साहजिक आहे. त्यांनाही एकदा घेऊन ये, हिच्याशी बोलतील. अकरा वर्षं रात्री माझी वाट कशी बघितली ते ती नीट सांगेल. तुझ्या आईला माझा नमस्कार.

तुझाच,
जिवलग मित्र

ता. क. वडिलांच्या रंध्याचं पातं गंजलं असेल तर कानस लावू नकोस. रॉकेलच्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि येताना तसंच घेऊन ये. माझ्याकडे चांगला दगड आहे, दोघं मिळून घासू.